लाल टॉवेल मीच टाकला होता

प्रिय नलूताई,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? तुमच्याशी एकदा खोटं बोलून बघितलंय, त्याचं काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. पण दुसरं काय लिहिणार? तीर्थरूप तुम्ही माझ्या नव्हतात, आणि दवाखान्याबाहेर कुणी 'सिस्टर' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. तेव्हा प्रियच राहू दे.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. मी आले नव्हते. म्हणजे आले होते. तुमच्या बिल्डिंगखाली स्कूटरींच्या रांगेमागे उभी राहिले, तुम्हाला खाली आणताना बघितलं आणि परत फिरले. जिच्याशी पाच-सहा वर्षं धड बोलले नाही तिच्यासाठी चारचौघांत रडायचं कसं? आणि रडू आलंच नाही, तर तेही बरं दिसलं नसतं!

मग आज का लिहितेय? काल मला तुमच्या जागी उभं राहायची वेळ आली म्हणून.

आमच्या घरामागे आता भाड्याच्या चार खोल्या आहेत. तिसरीत अनिता राहते. सांगलीकडची, वीस-एकवीसची, नवरा महाप्याला कंपनीत आहे. दहा दिवसांपूर्वी बाळंत झाली, मुलगा झाला. माहेरचं कुणी आलेलं नाही. काल दुपारी मी तिच्यासाठी अळिवाची खीर घेऊन गेले, दार ढकललं आणि उंबऱ्यातच मला कळलं. तो वास ओळखायला मला जवळ जावं लागत नाही. पिठाच्या डब्यामागे बाटलीचं बूच दिसत होतं. बाळ रडत होतं, ते बारीक, ताणलेलं रडणं. आणि अनिता दुपटं उगाच पुन्हा पुन्हा नीट करत होती.

मी डब्याकडे बघितलं ते तिने बघितलं. माझं मनगटच धरलं.

"काकू, तुमच्या पाया पडते. कुनाला सांगू नगा. माज्या बाळाची शपथ घ्या."

नलूताई, मी शपथ घेतली नाही. खीर ठेवली, "आलेच" म्हणाले आणि सुटले. सासूबाईंना बाळाच्या मालिशीच्या निमित्ताने तिच्याकडे बसायला पाठवलं. त्या तिथेच झोपल्या. मी मात्र कालपासून तुमच्याशी भांडतेय. एवढी वर्षं मनातल्या मनात भांडले, आज कागदावर.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी सलग ऐकलं नाहीत. मी ऐकू दिलं नाही.

नव्वद सालचा डिसेंबर. माझं पहिलं बाळंतपण, गावाला लागून वसलेल्या सेक्टरातल्या त्या छोट्या प्रसूतिगृहात. तुम्ही तिथल्या नर्स. मला मुलगा झाला. खाडीवरून असं वारं येत होतं की घोंगडीत गुंडाळलं तरी दात वाजायचे. घरी सोडताना तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिला रोज दोन चमचे ब्रँडी द्या कोमट पाण्यातून. अंगात ऊब राहील, झोप लागेल."

सासूबाई हसल्या. "त्या काय सांगाया पायजे बाय? आमच्यात देतातच. बाळंतीन हाय ती. हाडांत थंडी शिरली तं जन्माचा दुखना."

आठव्या दिवशी मुलगा गेला. त्याचं नावही ठेवायचं होतं अजून.

मग शेक बंद झाला. धुरी बंद झाली. डिंक आणलेला होता, तो तसाच पुडीत राहिला. पाळणा माळ्यावर गेला. माझ्या समोर कुणी बाळ हा शब्द उच्चारेना. सगळं थांबलं, फक्त ते दोन चमचे थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्याही नाही! तुम्ही म्हणाला होतात झोप लागेल. लागली की! त्या घरात मला झोपेशिवाय दुसरं हवं काय होतं?

दोनाचे चार मीच केले. चमचा कधी गेला आणि पेला कधी आला, आठवत नाही. ब्रँडी संपली तेव्हा गावठी होती, ती गावात मागेल तिथे मिळायची. माझा नवरा दत्ता रविवारी मित्रांबरोबर ओटीवर बसायचा. त्याच्या बाटलीतलं काढून घ्यायची आणि तेवढंच पाणी घालायची. पुरुष ओटीवर बसून पितो, त्याला आतून बोंबील तळून जातात. बाई मोरीत उभी राहून पिते. मी जवळजवळ तीन वर्षं मोरीत उभी होते, नलूताई.

त्र्याण्णवच्या गणपतीआधी मी तुमच्याकडे तपासायला आले, सातवा महिना होता. तुम्ही हाताला बीपीचा पट्टा बांधलात आणि थांबलात. सासूबाईंच्या हातात चिठ्ठी देऊन त्यांना औषधाच्या दुकानात पाठवलंत. दार लावलंत.

"किती घेतेस?"

"काय?"

"रंजना, मी अठरा वर्षं बाळंतपणं करतेय. किती?"

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही स्टूल ओढून बसलात, माझा हात घेऊन माझ्याच पोटावर ठेवलात आणि म्हणालात, "मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टरांना सांगावं लागेल, पण तुझ्या घरात कुणाला नाही. तू फक्त माझ्याशी खोटं बोलायचं नाहीस. घेतलीस तर घेतली म्हणायचं. हात ठेवून सांग."

मी म्हणाले, "तुम्हीपण ठेवा."

आणि तुम्ही ठेवलात! तुमची ती जाड बोटं, डेटॉलचा वास येणारी, माझ्या पोटावर. आतून बाळाने लाथ मारली तेव्हा तुम्ही हसलात. हे विसरू नका, नलूताई. शपथ दोघींची होती.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कुणी सख्ख्या बहिणीने केलं नसतं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. एकदम सोडायची नाही, पोटातल्या बाळाला धोका होतो, म्हणून डॉक्टरांच्या गोळ्यांनी हळूहळू सोडवलीत. तुमची ड्युटी दोनची, म्हणून रोज सकाळी दहाला यायचात. घरी सांगितलंत की रंजनाचं रक्त कमी आहे, लक्ष ठेवायला हवं. चहा घेणार नाही, बसणार नाही, आधी माझ्या तोंडाजवळ नाक आणून म्हणायचात, "हा कर." मी 'हा' करायची. "शाबास" म्हणून मग बसायचात. सासूबाई म्हणायच्या, "दात किडलं का काय हिचं?"

नोव्हेंबरात प्रीती झाली. जेमतेम दोन किलोची. तिची हनुवटी थरथरायची, मुठी थरथरायच्या, आणि रडायला लागली की अंगात कुणी शिरल्यासारखी रडायची. माझ्यामुळेच ना? मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आता पुढचं बघू." कसं गुंडाळायचं ते शिकवलंत, खोलीत अंधार ठेवायला लावलात, तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल घातलीत. पाळण्याच्या कडीला तुमचा तो झोळीचा काटा लावून दर सोमवारी तिला तोलायचात. सासूबाईंनी पुन्हा ब्रँडीचं काढलं तेव्हा म्हणालात, "हिच्या लिव्हरवर काविळीचा डाग आहे, एक थेंब चालणार नाही." किती सफाईने खोटं बोललात माझ्यासाठी!

आणि तो लाल टॉवेल.

"रडणं सहन होईनासं होतं," तुम्ही म्हणाला होतात, "सगळ्यांनाच होतं. शहाण्या बायकांनाही होतं. तसं झालं की तिला पाळण्यात ठेवायचं, दार लोटायचं, आणि ओटीवर जाऊन बसायचं. रडू दे. तिला गदागदा हलवायचं नाही, हात उगारायचा नाही. आणि तरी जमलं नाही, तर गच्चीच्या कठड्यावर हा टॉवेल टाकायचा. माझ्या स्वयंपाकघरातून तुमची गच्ची दिसते. मी येते."

तेव्हा घरात फोन कुणाकडे होते? नाल्यापलीकडे तुमची बिल्डिंग, अलीकडे आमची गच्ची, आणि मध्ये तो टॉवेल. पहिल्या तीन महिन्यांत मी तो चार वेळा टाकला. चारही वेळा तुम्ही आलात. एकदा तर केसांना मेंदी लावलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून! गावातली पोरं मागे लागली होती. तुम्ही आत आलात, प्रीतीला घेतलंत आणि मला म्हणालात, "जा, वेणी घाल." बस्स, तेवढंच.

मला वाटायचं, ही बाई मला कधी दगा देणार नाही.

आता माझा भाग. हा मी तुम्हाला हॉस्पिटलच्या बाकावर सांगितला होता, पण घाईत, रडत. आज नीट सांगते.

फेब्रुवारीत तुम्ही पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेलात, चार दिवस. नेमकी प्रीतीला सर्दी झाली, छाती घरघरायला लागली. सासूबाईंनी ब्रँडीची छोटी बाटली आणली. "पोटात देऊ नको, बास, पोरीच्या छातीला चोल. आमच्या सगल्या पोरांना चोललीय." आता यात काय चूक होती? औषधच ते! मी चोळली. माझ्या या तळहातांनी. मग प्रीती झोपली आणि तळहाताला वास राहिला. साबणाने धुतला, राखेने घासला, वास गेला नाही. का मलाच येत होता, कोण जाणे. मी मोरीत गेले.

तुम्ही साताऱ्याहून आलात, दहा वाजता दारात, "हा कर." तेव्हा मी काय केलं होतं माहीत आहे? तव्यावर जवळा भाजायला टाकला होता! ती सुकी बारीक कोळंबी तव्यावर पडली की आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. तुम्ही घरात अंडंसुद्धा न आणणाऱ्या. पदर नाकाला लावलात आणि लांबूनच म्हणालात, "बाई गं, काय हा वास! बरी आहेस ना?" मी म्हटलं, बरी आहे. अकरा दिवस, नलूताई. अकरा दिवस दहाच्या ठोक्याला मी जवळा भाजला. दत्ताने कंटाळून विचारलं, घरात दुसरं काही नाही का? तुमच्या सोवळ्या नाकाचा मी फायदा घेतला. पोटावर हात ठेवून घेतलेली शपथ आधी मी मोडली. ते मी कधी नाकारलेलं नाही.

बाराव्या दिवशी प्रीती सकाळपासून रडत होती. दत्ता पहिल्या पाळीला, सासूबाई शेजारी हळदीला. मी तिला पाळण्यात ठेवलं, ओटीवर जाऊन बसले, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. पण मी प्यायलेली होते आणि डोकं फुटत होतं. मग मी बोट बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. ती चोखायला लागली, गप्प झाली. म्हणून पुन्हा दिलं. नंतर पुन्हा.

ती झोपली. दुधाची वेळ झाली, उठेना. हात उचलला तर गळून खाली पडला. माझी प्यायलेली तिथल्या तिथे उतरली. शेजारी धावत जाऊन ओरडता आलं असतं, पण मला तेव्हा गावातलं कुणी आठवलं नाही, फक्त तुम्ही आठवलात. मी गच्चीवर गेले आणि टॉवेल टाकला.

तो टॉवेल मी टाकला होता, नलूताई! कुणी मला पकडलं नव्हतं. मी हाक मारली होती!

तुम्ही आलात. हाताला कणीक, एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात मुलाची. प्रीतीला उचलून रिक्षात बसलात. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, एक रात्र ठेवू. तेव्हा बाहेरच्या बाकावर मी तुम्हाला सगळं सांगितलं. बोट, जवळा, अकरा दिवस, तळहात. तुम्ही ऐकत होतात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतात. "बरं केलंस सांगितलंस," म्हणालात. त्या एका वाक्यावर मी त्या दिवशी झोपले. ब्रँडीशिवाय झोपले.

आणि तुम्ही? तुम्ही हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथवर जाऊन उरणला फोन लावलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आले तर बाकावर शकुवन्सं बसलेल्या, उरणला दिलेली दत्ताची मोठी बहीण. शेजारी सासूबाई, पलीकडे दत्ता. सगळ्यांना सगळं माहीत! आताचंच नव्हे, पहिल्यापासूनचं. मोरी, पाणी घातलेली बाटली, काविळीचं खोटं. दत्ता भिंतीकडे बघत होता, जसा काही तो जन्मात बाटलीजवळ गेलाच नव्हता! सासूबाई तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. आणि तुमच्या मांडीवर प्रीती, दुपट्यात बांधलेली, प्रवासाला निघाल्यासारखी.

वन्सं म्हणाल्या, "वयनी, मना माफ कर. पन पोर जिती ऱ्हायली पायजे."

तुम्ही काय म्हणालात? "रंजना, थोड्या दिवसांसाठी." माझ्याकडे न बघता म्हणालात. मग माझी मुलगी उरणच्या गाडीत बसून गेली आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, दुधाने ब्लाउज भिजलेला.

केसाने गळा कापलात, नलूताई.

मला कळत होतं हो, की तिला माझ्याजवळ ठेवणं शक्य नव्हतं. आज तर चांगलंच कळतं. मी तुमच्या जागी असते तर मीही ती अशा आईजवळ ठेवली नसती. पण मला का नाही सांगितलंत? त्याच बाकावर, माझ्या डोक्यावर हात फिरवता फिरवता का नाही म्हणालात, "रंजना, मी आता शकूला फोन करणार आहे"? मी ओरडले असते. तुमचे पाय धरले असते, तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. आणि मग उठून माझ्या हातांनी तिचं बोचकं भरलं असतं. तिची झबली, तिचं काजळ, मी भरलं असतं! वन्संच्या हातात मी दिली असती. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत. तुम्ही ती माझ्याकडून नेलीत, मी कुणीच नसल्यासारखी.

आणि एक. पहिली बाटली माझ्या घरात कुणी सांगितली होती? ते त्या बाकावर सगळ्यांना सांगितलंत का? नाही ना? तेवढं एक बरं तुमच्या लक्षात राहिलं नाही!

थोडे दिवस म्हणजे सोळा महिने झाले. दर रविवारी मी उरणला जायची. वन्सं भली बाई, मला कधी उंबऱ्याबाहेर उभी केली नाही. पण त्यांची मुलं मला मामी म्हणायची. प्रीतीला बोलता यायला लागलं तेव्हा तीही मला मामीच म्हणाली. माझी मुलगी! "मामी आली, मामी खाऊ दे." मी खाऊ द्यायची आणि परतीच्या बसमध्ये बसायची.

घरी आणली तेव्हा चार दिवस दाराकडे तोंड करून आत्यासाठी रडली. आता आई म्हणते. सहा वर्षांची झाली, पहिलीत आहे. पण माझ्यावर रुसली की अजून मामी म्हणते. तिला कळत नाही ती काय करते. तुम्हाला कळलं असतं.

दारू कशी सुटली म्हणून बायका मला विचारतात. त्यांना वाटतं देवाचं काही केलं असेल. माझी रागाने सुटली. तुमच्यावरच्या रागाने! डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, दत्ताने ओटीवर बसणं बंद केलं, हेही खरं. पण मोरीकडे पाय वळला की मला तुमचं तोंड दिसायचं, दुसरीकडे बघणारं. म्हणायची, या बाईला मी बरोबर ठरू देणार नाही.

आणि तुम्ही तरी काय निगरगट्ट! त्यानंतरही आलात. दहा वाजता दारावर टकटक. मी कडी काढत नव्हते. सासूबाई म्हणायच्या, "अगो उघड, बाय उभी हाय कवाची." मी नाही उघडलं. एक दिवस इतका संताप आला की दाराच्या फटीला तोंड लावलं आणि जोरात 'हा' केलं. घ्या, घ्या वास! मग तुमचा आवाज आला, "शाबास." आणि चपला वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मी पुन्हा फटीतून केलं. असं किती महिने चाललं नलूताई? दार उघडायचं नाही, बोलायचं नाही, पण दहा वाजले की मी कामं टाकून फटीशी उभी. एखाद्या दिवशी तुम्हाला पाच मिनिटं उशीर झाला तर मला राग यायचा! प्रीती परत आली त्या दिवसापासून तुम्ही यायच्या थांबलात. तेही न सांगताच.

एक सकाळ मात्र मला टोचते. मी 'हा' केलं, तुम्ही शाबास म्हणालात, पण चपला वाजल्या नाहीत. मग तुम्ही दाराबाहेरून म्हणालात, "रंजना, त्या पहिल्या वेळी... तुझा मुलगा गेला तेव्हा मी..."

मी नळ सोडला. मोठा. खाली पत्र्याची बादली ठेवून. ती भरली, वाहायला लागली, तरी बंद केला नाही. बंद केला तेव्हा तुम्ही गेला होतात.

काय म्हणणार होतात? मी सगळ्या जगाला सांगत फिरते की त्या बाईने कधी माझं चुकलं म्हटलं नाही. म्हटलं असेल का? त्या पाण्याच्या आवाजात म्हटलं असेल, तर ते मीच ऐकलं नाही. पण तुम्ही तरी पुन्हा का नाही म्हणालात? दुसऱ्या दिवशी? एवढ्या वेळा टकटक केलीत, एवढी एक गोष्ट पुन्हा म्हणता आली नाही?

तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची सून आमच्याकडे आली होती. हातात कापडी पिशवी. "आईंनी सांगून ठेवलं होतं, हे रंजनाला द्या." मी आत जाऊन पिशवी पालथी केली. तुमचा तो झोळीचा काटा, घडी घातलेली झोळी, धुतलेली. मी झोळी उलटून बघितली, पिशवीचे कोपरे चाचपले. चिठ्ठी नव्हती. एक ओळ नाही! काटा घेऊन मी काय करू, म्हणून माळ्यावर टाकला, पाळण्याशेजारी.

आज पहाटे तो उतरवला.

कालपासून विचार करतेय. अनिताने शपथ घ्या म्हटलं तेव्हा मी जर घेतली असती, तर तिने मला सगळं सांगितलं असतं. मीही तुम्हाला सांगितलं ते तुम्ही पोटावर हात ठेवलात म्हणूनच. ती शपथ घेताना तुम्हाला ठाऊक होतं का, की ही पाळता येणार नाही? मला वाटतं, ठाऊक होतं. अठरा वर्षं बाळंतपणं केलेली बाई तुम्ही. घाबरलेल्या पोरीला आधी बोलती करावी, पुढचं पुढे बघू, असं म्हणाला असाल. त्यामुळे प्रीती जगली, तेही मी मान्य करते. पण त्यानंतर कुणाचाही हात डोक्यावरून फिरला की मी डोकं बाजूला घेते, दत्ताचासुद्धा. ते तुम्ही केलंत. ते मी माफ केलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून आज लगेच करणारही नाही.

आता दहाला पाच-सात मिनिटं आहेत. काटा पिशवीत घातलाय. अनिताकडे जाते.

मी काय करणार ते तुम्हाला सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी शपथ घेणार नाही. मी तिला म्हणेन, अनिता, तुझ्या पोराला धोका दिसला तर मी सांगणार. डॉक्टरांना, तुझ्या नवऱ्याला, लागलं तर तुझ्या आईला सांगलीहून बोलावून घेणार. पण ते आधी तुला सांगणार, तोंडावर. मग तुझ्यादेखत बोलणार. तू खोलीत नसताना तुझ्याबद्दल एक शब्द माझ्या तोंडून जाणार नाही. आणि पोराला कुठे न्यायची वेळ आलीच, तर त्याचं बोचकं तू भरायचं. ती चिडेल. मला हाकलेल. कदाचित खरं सांगणारच नाही. मग मी उद्या दहाला पुन्हा जाईन.

आणि 'हा कर' मी तिला म्हणणार नाही. आधी मीच तिच्यासमोर 'हा' करणार, रोज. तिने माझा वास घ्यायचा, मग मी तिचा. तुम्ही कधी केलं नाहीत ते. तिने जवळा भाजला तर खुशाल भाजू दे, माझं नाक जवळ्यातच वाढलंय.

हे वचन, नलूताई. या वेळी एकटीचं.

उठते. दहा वाजले. तुम्ही असतात तर आता टकटक झाली असती. दार उघडंच आहे आज, बघा, आणि नळ बंद आहे.

हा...

घेतलात वास?

तुमची, अजून रागावलेली,
रंजना